लाल विंचवाचा दंश : वेदनेपेक्षा घामाकडे लक्ष हवे

चैत्र-वैशाखात कोकणातील शेतकऱ्याची राब भाजण्याची लगबग सुरू होते. शेण, कवळ, गवत व पालापाचोळा यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरावयाचे असतात, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने एकाच जागी पडून राहिलेले ढीग उपसावे लागतात. हे काम बहुधा उघड्या हातांनी व अनवाणी पायांनी होते. पुढे भाद्रपद-आश्विनात गवताची व भाताची कापणी येते. मग पेंढ्या बांधणे, उडव्या रचणे, खळ्यावर वाहून नेणे, ही सारी कामेही हातांचीच. लाल विंचवाच्या दंशाचे हंगामही नेमके हेच होत. मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत दंशाचे रुग्ण अधिक येतात, असा कोकणातील डॉक्टरांचा अनुभव आहे. उन्हाळ्याच्या उष्म्यात विंचू बाहेर पडतो आणि कामाच्या घाईत माणसाचा हात त्याच्या आसऱ्यात शिरतो. दोघांची गाठ पडण्यास एवढे पुरे होते.

विंचू चावणे ही गोष्ट खेड्यात इतकी परिचयाची आहे की, तिचे गांभीर्यच वाटेनासे झाले आहे. पुष्कळ दंशांत होते ते केवळ असह्य वेदना. रुग्ण रात्रभर तळमळतो, दुसऱ्या दिवशी ठणका ओसरतो व माणूस पुन्हा कामाला लागतो. परंतु काही दंश निराळे असतात. त्यांत विष जखमेपाशी न थांबता हृदयापर्यंत परिणाम करते, आणि तीच वेळ दवडली जाते. यात सर्वांत अधिक धोका लहान मुलांना असतो, कारण विष तेवढेच पण शरीर लहान.

संध्याकाळी ओटीवर खेळणाऱ्या एखाद्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला दंश झाला आहे असे समजू. मूल किंचाळते, घरातील माणसे धावतात, विंचू मारला जातो. जखमेवर कांदा चोळला जातो, कोणी चुना लावतो, कोणी विंचू उतरवणाऱ्याला बोलावण्यास जातो. तासाभरात मुलाचे रडणे कमी होते. आजी म्हणते, “उतरला बाई, आता निजू दे त्याला.” परंतु मुलाचा सदरा घामाने भिजून चिंब झालेला असतो, त्याला दोन-तीन वांत्या झालेल्या असतात आणि त्याचे हातपाय गार पडलेले असतात. हे मूल बरे होत नसून त्याच्या आजाराचा खरा आरंभ आता झालेला असतो. मध्यरात्रीच्या सुमारास त्याला खोकला लागतो, धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. मग वाहनाची शोधाशोध सुरू होते.

या घरात माया कमी होती असे नाही. कोणते लक्षण पाहावयाचे हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते, इतकेच.

येथे विंचवाच्या जातींविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू आढळतो; त्याला पुष्कळ ठिकाणी इंगळी म्हणतात. दिसावयास तो भयंकर, पण त्याच्या विषाने सहसा जीव जात नाही. त्याहून आकाराने लहान, तांबूस वा पिवळसर तपकिरी रंगाचा व बारीक नांग्यांचा लाल विंचू मात्र देशातील सर्वांत घातक विंचू मानला जातो. महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक, आंध्र प्रदेश, तमिळनाडू व गुजरात या राज्यांतही तो आहे. कोकणात रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या भूमीत त्याला लपावयास भरपूर जागा मिळते. मोठ्या विंचवास भ्यावे व लहानास क्षुल्लक मानावे, ही सर्वसाधारण समजूत या बाबतीत अगदी उलटी ठरते. तथापि, रात्रीच्या अंधारात रंग पाहून निर्णय घेणे कठीण असते. म्हणून विंचू कोणता होता यावर वाद घालीत बसण्यापेक्षा रुग्णाकडे पाहत राहणे श्रेयस्कर.

लाल विंचवाचे विष शरीरात काय करते, हे शेतकऱ्यास समजण्यासारखे आहे. पाटाला लावलेले दार उघडल्यावर ते पुन्हा बंदच होऊ नये व पाणी वाहतच राहावे, तसे या विषाने मज्जातंतूंतील सूक्ष्म द्वारांचे होते. ती उघडी राहतात व मज्जातंतू अखंड उद्दीपित होत राहतात. परिणामी, भीतीच्या वा झुंजीच्या क्षणी शरीरात जी उत्तेजक द्रव्ये थोडी थोडी सुटतात, त्यांचा एकदम पूर येतो. त्यामुळे घाम सुटतो, वांत्या होतात आणि सर्व शरीरातील लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हातपाय गार पडतात ते यामुळेच. आता विहिरीवरील पंपाची कल्पना करावी. पंप पूर्ण वेगाने चालू आहे आणि पुढील नळाची झडप जवळजवळ बंद आहे. पंपावर ताण येतो, तो थकतो आणि पाणी मागे तुंबते. हृदयाचे असेच होते, आणि मागे तुंबलेले पाणी फुप्फुसांत उतरते. तोंडाला येणारा गुलाबी फेस तो हाच. रुग्ण पाण्याजवळ न जाताही जणू बुडून मरतो.

ही उकल एका ग्रामीण आरोग्यकेंद्रात राहून झाली, ही गोष्ट खेड्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखी आहे. मराठवाड्यातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रायगड जिल्ह्यास त्या काळी कुलाबा म्हणत. विंचूदंशाचे रुग्ण तेथे येत व त्यांतील काही डोळ्यांदेखत दगावत. त्या वेळच्या वैद्यकीय ग्रंथांत या आजाराविषयी फारच थोडी माहिती होती. प्रचलित उपचार म्हणजे वेदनाशामके, ग्लानी आणणारी औषधे, ॲट्रोपिन वगैरे, आणि त्यांनी मृत्यू थांबत नसत. पश्चिम भारतातून १९६१ ते १९८३ या काळात जे वृत्तान्त प्रसिद्ध झाले, त्यांत फुप्फुसांत पाणी होऊन शेकडा २५ ते ३० रुग्ण दगावल्याची नोंद आहे.

बावस्करांनी पहिली गोष्ट केली ती साधीच होती. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले व जे दिसले ते टिपून ठेवले. दंश केव्हा झाला, घाम केव्हा सुटला, वांती किती वेळा झाली, हातपाय केव्हा गार पडले, नाडी व रक्तदाब कसे बदलत गेले, याची टिपणे साठत गेली. त्यांतून असे दिसून आले की, हृदयावरील संकटाची सूचना देणारी चिन्हे आधीच प्रकट होतात आणि ती पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. हे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देऊन रुग्ण वाचतात असे आढळले. परंतु ते थेंबाथेंबाने द्यावे लागते व क्षणोक्षणी रक्तदाब पाहत राहावे लागते. जेथे विजेचाच भरवसा नाही अशा केंद्रात हे कसे जमावे? तेव्हा तेच कार्य गोळीने साधता येईल काय, याचा शोध सुरू झाला आणि तो प्राझोसिन या औषधापाशी येऊन थांबला. रक्तदाबाच्या विकारासाठी वापरात असलेली ही स्वस्त गोळी. पंपाच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर ती बंद झालेली झडप उघडते. प्राझोसिनच्या वापराविषयीचा त्यांचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. १९८४ नंतर जेथे हा उपचार वेळेवर मिळू लागला, तेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा १ पेक्षाही खाली आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाड येथेच राहून हे कार्य पुढे चालविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान देण्यात आला.

आणखी एका उपचाराची येथे नोंद केली पाहिजे. लाल विंचवाच्या विषावरील लस (प्रतिविष) मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या औषधनिर्मिती महामंडळाने तयार केली आहे. महाड येथेच केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्राझोसिनच्या जोडीला ही लस दिलेले रुग्ण केवळ प्राझोसिन दिलेल्या रुग्णांपेक्षा लवकर बरे झाले. सर्पदंशावरील लस मात्र विंचवाच्या विषावर चालत नाही. काही ठिकाणी घाबरलेले नातेवाईक डॉक्टरांकडे “सापाचे इंजेक्शन तरी द्या” असा हट्ट धरतात. त्यात काहीच लाभ नाही.

औषध आहे, ते स्वस्त आहे, आणि त्याचा शोधही आपल्याच मातीत लागलेला आहे. असे असता ज्या घरी रुग्ण दगावतो, तेथे तो बहुधा ओटी आणि दवाखाना यांच्या दरम्यान गेलेल्या वेळामुळे दगावतो. हा वेळ कोठे जातो, याचा विचार करू लागले की विंचू उतरवणाऱ्याचा विषय येतोच. त्याची टवाळी करून काही साधत नाही. लोकांचा त्याच्यावरील विश्वास अनुभवातून आलेला आहे, आणि त्या अनुभवात चूक कोठे आहे हे समजावून देता आले पाहिजे. पुष्कळ दंशांत वेदना काही तासांनी आपोआपच कमी होतात. मंत्र घातला, पाला चोळला वा नुसते बसून राहिले, तरी त्या कमी होणारच असतात. दहा जणांचा विंचू असा ‘उतरला’ म्हणजे मांत्रिकाची कीर्ती होते. अकराव्याच्या हृदयापर्यंत विषाचा परिणाम पोचलेला असतो आणि त्याच्यावर मंत्राचा काहीच उपयोग नसतो. परंतु तो दगावला की “त्याचे दिवस भरले होते” असे म्हणून लोक गप्प बसतात. मांत्रिकाच्या यशाचा हिशेब ठेवला जातो, अपयशाचा ठेवला जात नाही. ज्या गावात विंचू उतरवणाऱ्यावर श्रद्धा आहे, तेथे कार्यकर्त्याने त्याच्याच घरी जाऊन बसावे व घाम, वांती आणि गार हातपाय ही तीन चिन्हे त्याला समजावून सांगावीत. “अशा माणसाला मी हात लावणार नाही, त्याला आधी दवाखान्यात न्या,” एवढे जरी तो म्हणू लागला, तरी कोणत्याही भित्तिपत्रकाहून मोठे काम होईल. लोक रात्री-अपरात्री प्रथम त्याच्याच दाराशी जातात, ही वस्तुस्थिती आहे.

आता चिन्हांविषयी थोडे विस्ताराने. दंशाच्या जागी केवळ ठणका आहे, पण अंग कोरडे व हातपाय उबदार आहेत, वांती नाही, अशा प्रौढ रुग्णाचा दंश बहुधा सौम्य असतो. उलट, वेदना फारशी नसतानाही अंगाला दरदरून घाम सुटला, वांत्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, हातपाय गार पडले, तर क्षणाचाही विलंब करू नये. आणखी एक चिन्ह संकोचामुळे सांगितले जात नाही, पण ते महत्त्वाचे आहे. मुलगा किंवा पुरुष रुग्ण असेल, तर त्याच्या जननेंद्रियास अकारण ताठरता येते. हे विषाचेच लक्षण आहे; त्यात लाजण्यासारखे काही नाही व ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही लक्षणे कधी अर्ध्या तासात, तर कधी काही तासांनी दिसू लागतात. म्हणून सौम्य वाटणाऱ्या रुग्णासही रात्री एकट्याने निजू देऊ नये. कोणीतरी जागे राहून मधूनमधून त्याच्या तळहाताला हात लावून पाहावा. मुलांच्या बाबतीत मात्र लक्षणांची वाट पाहू नये. दंश झाला की सरळ दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील तितका वेळ, साधारणपणे एक दिवस, तेथेच राहावे.

घरी करावयाचे काम फार थोडे आहे. दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, रुग्णास आडवे निजवावे व धीर द्यावा. वर दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने शोषू नये. रॉकेल, तंबाखू, चुना यांनी जखम मात्र चिघळते. दंशाची वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहून घ्यावी, आणि पहिली वांती केव्हा झाली तेही लिहावे. उपचार ठरविताना डॉक्टरांना या दोन ओळींचा फार उपयोग होतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती वाडीपर्यंत येण्यास उशीर लागणार असेल, तर गावातील वाहनाने तिला वाटेत गाठावे.

प्राझोसिनची गोळी गुणकारी आहे असे वाचून ती घरी आणून ठेवण्याचा मोह काहींना होईल. तो टाळला पाहिजे. या गोळीने रक्तदाब झपाट्याने उतरतो. गोळी घेतलेला रुग्ण एकदम उठून बसला वा उभा राहिला, तर चक्कर येऊन कोसळतो. तिची मात्रा वजनावर ठरते व हातपाय उबदार होईपर्यंत साधारण दर तीन तासांनी ती पुन्हा द्यावी लागते. तोवर रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. हे काम दवाखान्याचेच आहे. आजीने जे हात गार आहेत म्हणून पांघरूण घातले, तेच हात पुन्हा उबदार होणे ही तेथे औषध लागू पडल्याची खूण मानली जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने राबभाजणीच्या आधी, म्हणजे फाल्गुनातच, एक फेरी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे करावी. गोळ्या व लस यांचा साठा आहे काय, रात्री तेथे कोण असते, नसल्यास कोणत्या ग्रामीण रुग्णालयाकडे जावयाचे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून घ्यावे. वाडीवाडीत रात्री मिळू शकणारी वाहने कोणाची आहेत, याची यादी आशा स्वयंसेविका व पोलीस पाटील यांच्याजवळ असावी. खत-बियाण्यांच्या मागणीची यादी जितक्या निगुतीने केली जाते, तितकीच ही केली जावी. तिला वेळही त्याहून कमी लागतो. रोजंदारीसाठी बाहेरगावाहून आलेली, शेतातच खोपी बांधून राहणारी कुटुंबे या यादीतून नेहमी सुटतात. त्यांची मुले जमिनीवर निजतात आणि त्यांना दवाखान्याची वाटही ठाऊक नसते.

दंशच होऊ नये यासाठी घर व खळे यांची मांडणी पाहावी लागते. घराच्या भिंतीला टेकून लाकडे, शेणी, कौले व चिरे रचून ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. पावसापासून बचाव होतो हे खरे, पण विंचवासाठी याहून चांगले घर नाही. हे ढीग घरापासून काही अंतरावर, शक्य तर दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून उंच रचावेत. भिंतींच्या व जोत्याच्या फटी लिंपून घ्याव्यात. पालापाचोळा उपसताना प्रथम दाताळ्याने वा काठीने ढीग हलवून मगच हात घालावा. पायात गमबूट नसले तरी जाड वहाणा असाव्यात. घोंगडी, अंथरूण, सदरा व पादत्राणे झटकल्यावाचून वापरू नयेत, आणि मुलांना जमिनीवर न निजवता खाटेवर, मच्छरदाणी खोचून निजवावे. परसातील कोंबड्या विंचू टिपतात, हा जुना अनुभव आहे. कीटकनाशकाच्या फवारणीवर मात्र विसंबू नये. खोल फटीत बसलेल्या विंचवापर्यंत औषध पोचत नाही आणि घरात विषारी द्रव्य तेवढे पसरते.

विंचू शोधण्याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. अतिनील किरणांच्या प्रकाशात विंचवाचे अंग हिरवट-निळसर चमकते. खोट्या नोटा ओळखण्यासाठी दुकानदार वापरतात तशा छोट्या विजेरीने हे दिसते. अशी एक विजेरी गावात असली, तर दंश झालेल्या घराभोवती अंधार पडल्यावर फेरी मारून विंचवाची ठिकाणे हेरता येतात व दुसऱ्या दिवशी उजेडी ती साफ करता येतात. लाकडांच्या ढिगात मादी सापडली, तर तिच्या पाठीवर नीट पाहावे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर अशी म्हण आहे ती उगाच नाही; मादी आपली नुकती जन्मलेली पिले पाठीवरच वागविते, आणि घाईने मारताना ती चहूकडे पांगतात. चिमटा लांब दांड्याचा असावा, आणि पायात वहाणा असल्यावाचून कोणी त्या ढिगापाशी जाऊ नये.